झोपून राहायला कर्ज काढलं का?

"बारा वर्षं कथक केलं, आणि तिथे मला काहीच येत नाही," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. ठाण्यातली मुलगी, एकोणीस वर्षांची, विशारद झालेली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात नृत्यरचना शिकते, डिसेंबरच्या सुट्टीत घरी आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बाबाही सोबत. त्यांचं दुखणं वेगळं: "मॅडम, सोमॅटिक्सच्या तासाला हिला चाळीस मिनिटं जमिनीवर पडून राहायला सांगतात. झोपायला कर्ज काढलं का मी?"

त्यांना मी फ्रेडरिक अलेक्झांडरची गोष्ट सांगितली. १८६९ साली जन्मलेला ऑस्ट्रेलियातला नट. रंगमंचावर बोलताना आवाज बसायचा. आरशासमोर उभं राहून पाहिलं तर तोंड उघडताच मान मागे खेचली जात होती आणि त्याला पत्ताच नव्हता. सोमॅटिक्स म्हणजे शरीर आतून जाणवून घेणं; अशा सवयी टिपायला शिकवतात त्या तासाला. पडून राहिलं की तोल सांभाळायचं काम उरत नाही, म्हणून त्या सापडतात. बाबांनी नकळत स्वतःच्या मानेचा पट्टा चाचपला.

मुलीबद्दल मला आधी एकटेपणाची शंका आली. झोप, जेवण, मैत्रिणी सगळं विचारून झालं. तसं काही नव्हतं. तिला तीन मिनिटांची स्वतःची रचना करायची होती, संगीताशिवाय. हात उचलला की गुरूंनी शिकवलेला तुकडाच बाहेर पडायचा. "माझं असं काही नाहीच."

"तिहाई कधी स्वतः बसवलीस?"

"ती काय, तो हिशेब असतो."

करून दाखव म्हटलं. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. बोटांवर मोजत तिने सोळा मात्रांच्या तीनतालातली सांगितली: पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. मला कथकमधलं फारसं कळत नाही; 'दम' हा शब्द तिच्याच तोंडून ऐकला. म्हणून सहज विचारलं, त्या दमात श्वास घेतेस का?

पुन्हा म्हणून पाहिलं तिने. हनुवटी वर, खांदे कानांकडे, ओठ मिटलेले. समेवर आली तेव्हा धाप लागली होती. "धरून ठेवते मी," ती हळूच म्हणाली आणि चपला काढून सतरंजीवर आडवी झाली. बाबा काही बोलले नाहीत.

घरी करायला एवढंच दिलं: नवीन काही सुचवायचं नाही, तीच तिहाई घ्यायची आणि दम हवा तेवढा लांबवायचा. कर्ज आणि नोकरीचं मी मुद्दाम पुढच्या भेटीवर ढकललं. दोन्ही काळज्या एका तासात कोंबल्या की मोठीच जिंकते, आणि मुलगी गप्प बसते.

फेब्रुवारीत तिचा मेसेज आला. 'तीन मिनिटांत चाळीस सेकंद नुसता दम आहे. मार्क कमी पडले तर बाबांना तुम्ही सांगा.'