अलास्कात इन्कम टॅक्स नाही, उलट सरकारच दरवर्षी लोकांना पैसे वाटतं म्हणे. तेल संपल्यावर या राज्याचं काय होणार? नॉर्वेला जमलं ते यांना का नाही?

म्हणे नव्हे, खरंच वाटतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खात्यात जमा होतात. ग्रीन कार्ड आल्यापासून मीही दरवर्षी मार्चअखेरच्या आत अर्ज भरते आणि निमूटपणे घेते. पण मी इथे शाळेत शिकवते, त्यामुळे प्रश्न वाचून राहवलं नाही.

नॉर्वेचं आधी उरकते. तिथे तेलकंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर आहे आणि तेलाचा पैसा फंडात जातो, हे सगळे सांगतात. तिथल्या माणसाला स्वतःचा इन्कम टॅक्स कधी चुकला नाही आणि खरेदीवर २५ टक्के व्हॅटही, हे कोणी सांगत नाही. अलास्कानं १९७६ मध्ये घटनादुरुस्ती करून पर्मनंट फंड, म्हणजे कायमची राखीव पुंजी, काढला, खनिजांच्या रॉयल्टीतला किमान चौथा हिस्सा त्यात टाकायचं ठरवलं. इथवर ठीक. (१९६९ मध्ये उत्तरेकडच्या तेलजमिनी भाडेपट्ट्यानं देण्याच्या लिलावाचे ९० कोटी डॉलर आले होते, ते बघता बघता खर्चून झाले. त्यानंतर सुचलेलं शहाणपण.) मग उत्तरेकडचं तेल दक्षिणेच्या बंदराला नेणारी पाइपलाइन सुरू झाली, पैसा धो धो यायला लागला आणि १९८० मध्ये यांनी राज्याचा इन्कम टॅक्सच रद्द करून टाकला. १९८२ पासून वर माणशी डिव्हिडंड, म्हणजे तुम्ही म्हणता ते वाटले जाणारे पैसे. राज्याचा सेल्स टॅक्सही नाही.

पाइपलाइनमधून १९८८ मध्ये दिवसाला वीस लाख बॅरल जायचे, आता पाच लाखांच्याही आत. २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेला आणि राज्याची फंडाबाहेरची गंगाजळी झपाट्यानं उपसली जाऊ लागली. त्या वर्षी गव्हर्नर वॉकर यांनी डिव्हिडंड निम्म्यावर आणला. लोकांनी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. २०१८ पासून फंडातूनच दरवर्षी साधारण पाच टक्के काढून राज्य चालतं, आणि बहुतेक वर्षी ही रक्कम तेलाच्या उत्पन्नापेक्षा जास्त असते. तेव्हा तुमचं ते ‘तेल संपल्यावर’ आमच्याकडे कधीच सुरू झालंय.

तर २०१९. नवे गव्हर्नर डनलेवी पूर्ण डिव्हिडंड, म्हणजे माणशी सुमारे तीन हजार डॉलर, देण्याचं आश्वासन देऊन निवडून आलेले. त्यासाठी त्यांनी बजेटला कात्री लावायचा प्रस्ताव मांडला, त्यात शाळाही. मे महिन्यात मला ले-ऑफची नोटीस मिळाली. ज्यांची नोकरी पक्की नव्हती त्या आम्हा सगळ्यांनाच. देणाऱ्यांना बोल लावत नाही, राज्याकडून किती पैसे येणार हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मी भिंतीवरचे तक्ते काढले, रबरबँड लावून गॅरेजमध्ये रचले. जुलैत काय, तर काही आमदार वसिला गावातल्या एका शाळेत अधिवेशनाला जमले आणि बाकीचे राजधानी जुनोमध्ये, भांडण डिव्हिडंड किती यावर. अखेर १,६०६ डॉलर ठरले. मला ऑगस्टमध्ये परत बोलावलं. माझ्या बरोबरीची एक गणिताची बाई तोवर दुसऱ्या राज्यात नोकरी धरून निघून गेली होती. तिचा वर्ग डिसेंबरपर्यंत बदली शिक्षकांवर काढला.

नोटीस आली त्याच आठवड्यात धाकटे दीर आमच्याकडे जेवायला होते. ते राहतात टेक्सासात आणि दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी अशा पाळीनं नॉर्थ स्लोपवर, म्हणजे अलास्काच्या उत्तर टोकाच्या तेलपट्ट्यात, कामाला येतात. भात कालवता कालवता म्हणाले, “वहिनी, मास्तरांचे पगार जरा जास्तच आहेत इथे. आणि कंपन्यांवर कर वाढवाल तर रिग उचलून दुसरीकडे जातील.”

हे रिग उचलून जाण्याचं मी कैक वर्षं ऐकतेय. २०१३ मध्ये याच भीतीपोटी आधीचा चढता कर काढून सध्याचा कायदा आणला. निव्वळ नफ्यावर ३५ टक्के, पण प्रत्येक बॅरलमागे आठ डॉलरपर्यंत सूट. भाव पडला तर एकूण किमतीवर किमान ४ टक्के. २०१४ आणि २०२०, दोन्ही वेळा मतदारांनी कर वाढवायला नकारच दिला. त्यात नव्या विहिरींवरचा खर्च कंपनीला चालू उत्पादनाच्या नफ्यातून वजा करता येतो. त्यामुळे २०२३ मध्ये मंजूर झालेल्या विलो या तेलप्रकल्पाचं जे कौतुक चाललंय ना, त्याच्या बांधकामाची वर्षं राज्याला उलट तोट्याची. जमीनही केंद्राची, म्हणून तिथली रॉयल्टी राज्याला बजेटसाठी मोकळेपणी वापरता येत नाही. तेल वाढलं की बजेट सुटेल असं कोणी सांगितलं तर एवढं विचारा: कुठल्या जमिनीतलं तेल?

माझं मत सरळ आहे. इन्कम टॅक्स परत आणा. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहानं तसं विधेयक पास केलं होतं, सिनेटनं पाडलं. इथे काम करणाऱ्यांत साधारण पाचातला एक माणूस बाहेरच्या राज्यातला आहे. पगार इथला, विमानतळ इथला, बर्फ काढलेले रस्ते इथले, आणि राज्याला कर शून्य. टेक्सासातही इन्कम टॅक्स नाही, म्हणजे आमच्या भावोजींना दोन्हीकडून सुटका.

डिव्हिडंड बंद करा असं मात्र मी म्हणत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आडवाटेच्या गावांत डिझेल उन्हाळ्यात मालवाहू बोटीनं येतं आणि महाग पडतं, तिथल्या पाच-सहा माणसांच्या घराला तो मोठा आधार असतो. डिव्हिडंड कापला की सगळ्यात जास्त झळ त्यांनाच लागते, चांगल्या पगारवाल्यांना कळतही नाही. हाही मुद्दा इन्कम टॅक्सच्याच बाजूचा.

भावोजींना हे सगळं ऐकवून झालंय. “मग मी टेक्सासातच काम बघतो,” म्हणाले. बघा म्हटलं. तुमची जागा घ्यायला इथली पोरं तयार बसली आहेत, त्यातली दोघं माझ्याच वर्गातली.