विशेष शिक्षणाची पदवी निवडताना : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर भेटलीस तेव्हा तू आणलेल्या विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांच्या तीन माहितीपत्रकांपैकी दोन मी न बोलता बाजूला ठेवली, याचा तुला थोडा राग आला असावा. त्यांपैकी एकावर ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असे ठळक छापले होते आणि दुसरे सहा महिन्यांत ‘पदव्युत्तर’ करून देणार होते. भारतीय पुनर्वास परिषदेचे नाव मात्र दोन्हींत कोठेही नव्हते.

1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेच्या मध्यवर्ती नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक, म्हणजे अपंग मुलांचे शिक्षक, म्हणून काम करता येत नाही आणि मान्य पात्रता असल्याशिवाय त्या वहीत नाव चढत नाही. मान्यता संस्थेच्या नावाला सरसकट मिळत नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक काळापुरती असते. म्हणून विद्यापीठाची संलग्नता पाहून समाधान मानू नकोस. परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत ती संस्था, तो अभ्यासक्रम, तो अपंगत्वाचा प्रवर्ग आणि तुझ्या प्रवेशाचे वर्ष, हे चारही जुळतात का ते स्वतः पाहा. माझ्या उमेदवारीत मी हे पाहिले नव्हते. वर्षभर शिकून सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळवले आणि नोंदणीचा अर्ज परत आला, कारण त्या संस्थेची मान्यता मी प्रवेश घेण्याच्या आदल्याच वर्षी संपली होती. ते प्रमाणपत्र अजून ट्रंकेत आहे.

तुझे साधे बी.एड. झाले आहे, म्हणून थेट विशेष एम.एड. करावे असे तुला वाटते. पण त्यासाठी आधी विशेष बी.एड. किंवा बी.एड.च्या जोडीला परिषदमान्य विशेष शिक्षण पदविका लागते. विशेष बी.एड. आणि विशेष एम.एड. हे दोन्ही दोन-दोन वर्षांचे आहेत. पुढे शिक्षक घडवायचे असतील तर एम.एड. हवेच, वर्गातच रमायचे असेल तर त्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. नुसत्या नोट्स पाठ करून एम.एड. झालेले पण मुलाच्या हाताला हात न लावलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता प्रवर्ग. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) यांपैकी एक निवडावा लागेल, आणि तो कोठे जागा रिकामी आहे यावरून निवडू नकोस. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, पूर्वीच्या कायद्यात ते सातच होते. तेव्हा साध्या शाळेत नेमणूक झाली तर सगळ्याच प्रकारांची मुले तुझ्यासमोर येतील. तरीही एका प्रवर्गात हात मुरलेला असला की बाकीचे शिकता येते.

हात मुरणे म्हणजे काय, ते सांगते. माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला शर्टाची बटणे लावता येत नसत. मी सगळी बटणे स्वतः लावी. फक्त शेवटचे काजातून अर्धे बाहेर काढून ठेवी आणि ते ओढण्याचे काम त्याच्याकडे सोपवी. ते जमले की शेवटचे बटण पूर्ण त्याचे, मग शेवटची दोन. शेवटापासून सुरुवातीकडे असे शिकवले की प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद मुलालाच मिळतो. पाचही बटणांना तीन महिने लागले. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या शिकवण्याच्या योजनेत, या साऱ्याची एकच ओळ होती.

म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेत जाऊन विचार : सराव कोणत्या शाळेत होतो, किती आठवडे होतो, आणि आराखडा विद्यार्थी स्वतः तयार करतात की जुन्या वहीतून उतरवतात? उत्तर देताना प्राचार्य घुटमळले तर शुल्क भरू नकोस. त्याआधी आठवडाभर कोल्हापुरातल्याच एखाद्या विशेष शाळेत, तिथल्या बाईंची परवानगी घेऊन, मागच्या बाकावर बसून ये.

रविवारी तिसरे माहितीपत्रक घेऊन घरी ये. ते यादीशी मिळून ताडून पाहू.

तुझी,
बाई