‘व्हिक्टिमहुड’साठी बळीपणा की पीडितभाव?

प्रश्न असा आहे: लोकानुनयी सरकारांवरच्या एका लेखात ‘बळीपणाचे राजकारण’ असे वाचले, दुसऱ्यात त्याच अर्थाने ‘पीडितभाव’ होता. ‘व्हिक्टिमहुड’साठी बरोबर कोणता? आणि हा ‘बळी’ म्हणजे ‘बळी तो कान पिळी’मधलाच का?

शेवटचे आधी सांगतो. तो बळी वेगळा. तो ‘बलिन्’वरून आलेला, म्हणजे बलवान. ‘बळीपणा’तला बळी म्हणजे देवापुढे देतात तो, ‘बलि’वरून आलेला.

बाकी दोन्ही शब्द चांगले आहेत, पण एकाच्या जागी दुसरा घालू नये. पीडितभाव मनातला असतो. ज्याने सोसले त्याचा तो असतो आणि बहुतेकदा खराही असतो. सरकार साऱ्या देशाच्या वतीने ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणत खुर्ची पक्की करते, तेव्हा मी ‘बळीपणाचा दावा’ लिहीन. दावा म्हटला की तो तपासता येतो.

तपासायला मराठी क्रियापदे फार उपयोगी पडतात. बळी जातो, बळी पडतो, बळी घेतात, बळी देतात. ‘पुरात अकरा बळी गेले’ यात करणारा कुणी दिसत नाही. ‘घेतला’ म्हटले की मारेकरी समोर येतो. ‘दिला’ म्हटले की हात आपलेच असतात.

हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमधल्या स्वातंत्र्य चौकात, तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने 2014 मध्ये उभारलेले स्मारक पाहा. नाव ‘जर्मन ताब्यातील बळींचे स्मारक’. वरून झेपावणारा गरुड म्हणजे जर्मनी, त्याच्या पायातल्या कड्यावर 1944 कोरलेले. खाली देवदूत गॅब्रिएल, म्हणजे निष्पाप हंगेरी. शिल्प म्हणते, बळी घेतला. प्रत्यक्षात 1944 च्या मे ते जुलै या काळात चार लाखांहून अधिक ज्यूंना रेल्वेच्या डब्यांत कोंबून देशाबाहेर धाडले, बहुतेकांना आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत. योजना जर्मनांची होती, पण घराघरांतून माणसे गोळा केली ती हंगेरीच्याच पोलिसांनी आणि कारकुनांनी. ज्यूंचे हक्क काढून घेणारे कायदे तिथल्या संसदेने 1938 पासूनच एकामागून एक केले होते. इथे क्रियापद ‘दिला’ हेच आहे. ते लपवले जाते याचा संताप लोकांनी त्या स्मारकासमोरच मांडला: गेलेल्यांचे फोटो, जुन्या बॅगा, दगड.

हंगेरियनमध्ये या स्मारकाच्या नावात ‘आल्दोझात’ हा शब्द आहे. आपल्या ‘बळी’सारखाच तो मारल्या गेलेल्यालाही लागतो आणि देवाला वाहिलेल्यालाही. अशा शब्दात मेलेला ज्यू नागरिक आणि ‘बलिदान केलेले राष्ट्र’ शेजारी बसवणे सोपे जाते. 2012 मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेने तर 19 मार्च 1944 रोजी, म्हणजे जर्मन सैन्य शिरले त्या दिवशी, देशाने स्वयंनिर्णय गमावला असेच लिहून ठेवले. त्यानंतरचा जाब मग दुसऱ्याकडे मागायचा.

पहिल्या महायुद्धानंतरच्या त्रियानोंच्या तहाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. 4 जून 1920 च्या त्या तहाने हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला आणि तीसेक लाख हंगेरियन भाषक सीमेपलीकडे राहिले. घरे, गावे, नाती तुटली. ते दुःख खरे आहे. ओर्बान 2010 मध्ये दोन तृतीयांश बहुमताने सत्तेवर आले आणि त्याच वर्षी 4 जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस ठरला, सीमेपलीकडच्या हंगेरियनांना नागरिकत्व घेणे सोपे झाले. 2014 च्या निवडणुकीत त्यांनी टपालाने मतदान केले. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त मते ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला पडली. याला आपल्याकडे रुळलेला शब्द आहे, ‘अन्यायाचे भांडवल’, आणि मथळ्यात मी तोच वापरीन.

पण आता रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्या कुटुंबाचे गाव एका सहीने दुसऱ्या देशात गेले, त्याच्याबद्दल लिहिताना ‘बळीपणा’ नको. तिथे ‘झळ सोसली’ असे साधे लिहावे.