टेन्शन, एसजीपीटी आणि 'लिव्हर टॉनिक'ची कॅप्सूल

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४१, वर्षभर कामाचं भयंकर टेन्शन आहे, झोप जेमतेम पाच तास, डोकं सारखं दुखतं. मधे चेकअप केलं तर एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम ७८, म्हणजे जास्त आलं. दारू अजिबात घेत नाही. टेन्शनने लिव्हर खराब होतं असं वाचलं म्हणून अश्वगंधा, गुळवेल, कुटकी आणि हळदीचा अर्क असलेली कॅप्सूल अडीच महिने घेतोय. डोस वाढवू का?

उत्तर: वाढवायचा तर नाहीच, उलट आजपासून ती कॅप्सूल बंद करा. आणि एक आठवून बघा, तो ७८ वाला रिपोर्ट कॅप्सूल सुरू करायच्या आधीचा की नंतरचा? तुम्ही तारीख दिली नाहीये आणि सगळं त्यावरच आहे.

औषधच कसं नडेल असं वाटेल तुम्हाला, पण अश्वगंधेमुळे कावीळ झाल्याच्या केसेस आहेत, अंगाला खाज सुटते आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, चढतं. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांमध्ये हेपटायटिस, म्हणजे लिव्हरला सूज, झाल्याचं २०२१मध्ये छापून आलं. हळदीच्या अर्कात तो अंगात जास्त शोषला जावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्याचं पिपरिन घालतात, आणि तसल्या गोळ्यांनीही लिव्हरला सूज आलेली आहे. सगळ्यांना होत नाही हे, पण कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, आणि चार वनस्पती एकाच कॅप्सूलमध्ये असल्या की नक्की कुठली नडली ते शोधणं महाकठीण.

मग टेन्शनचं काय? टेन्शनमध्ये अंगात सुटणारं कॉर्टिसोल हे हार्मोन वाढलेलं राहिलं की रक्तातली साखर वाढते, पोटाभोवती चरबी साठते, झोप कमी म्हणून भूक जास्त, चालणं बंद, आणि या सगळ्यातून लिव्हरमध्ये चरबी जमते, म्हणजे टेन्शन लिव्हरपर्यंत पोचतं ते असं आडवाटेने. कुटकी, भुईआवळी वगैरेंनी तणावापासून लिव्हर वाचतं असं जे लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक उंदरांवरचं असतं, उंदराला अरुंद नळीत तासन्तास अडकवून ठेवतात आणि मग त्याचे एन्झाइम मोजतात, त्यावरून तुमच्या ऑफिसच्या टेन्शनबद्दल काही ठरवता येत नाही हो.

त्यातल्या त्यात सिलिमरिनवर, म्हणजे मिल्क थिसल या वनस्पतीच्या बियांच्या अर्कावर, माणसांमध्ये बरंच काम झालंय. विषारी अळंबी खाल्लेल्या पेशंटला त्यातलंच सिलिबिनिन शिरेतून देतात. फॅटी लिव्हरमध्ये काही अभ्यासांत एन्झाइम थोडे उतरलेले दिसले, पण ते टेन्शनवरचं औषध नाही, आणि घ्यायचंच तर डॉक्टरांना विचारून, एकटं घ्या, मिश्रणात नको.

अजून एक, डोकं दुखतं म्हणालात पण त्यावर काय घेता ते लिहिलंच नाहीत! पॅरासिटामॉल असेल तर धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाची हद्द ४ ग्रॅम, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

आता सोनोग्राफी, हेपटायटिस बी आणि सी, साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) एवढं करून घ्या, आणि कॅप्सूल बंद केल्यावर चार आठवड्यांनी एसजीपीटी परत. फॅटी लिव्हर निघालं आणि वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के वजन उतरवल्यावर लिव्हरची सूज कमी होते, एवढा फायदा मी कुठल्या कॅप्सूलने झालेला बघितला नाही. झोपेचं मात्र आजच बघा, गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा काही नाही.

मधेच लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर चार आठवडे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ती बाटली लेबलसकट सोबत न्या.