वाऱ्याचा डोळा आणि गाईचा डोळा

प्रश्न असा आहे: डॅनिशमध्ये संधी होऊन एवढे लांबलचक शब्द कसे बनतात, आणि ओळ संपली तर ते तोडायचे कुठे?

आधी ती 'संधी' काढून टाका. दोन शब्द चिकटलेले दिसले की संधी म्हणायचं, हे ऐकून कान किटले. संधी वर्णांची, समास पदांचा. डॅनिशमध्ये होतो तो समास, आणि बहुतेक वेळा तत्पुरुष. शेवटचं पद मालक. 'वीन' (वाइन) एका लिंगातलं, 'ग्लास' दुसऱ्या. 'वीनग्लास' ग्लासच्याच लिंगात चालतो.

खरी मौज सांध्यातल्या 'स'ची आहे. 'वीनग्लास'मध्ये तो नाही, पण रेड वाइनचा ग्लास मात्र 'रोदवीन्सग्लास'. हा 'स' षष्ठीचा प्रत्यय, असं उत्तर पुस्तकी मंडळी ठोकून देतात. उगम षष्ठीतला, मान्य. पण मग साध्या वीनग्लासने काय पाप केलं? तोही वाइनचाच ग्लास ना! शिवाय '-इंग'ने संपणाऱ्या नामांना हा 'स' हमखास लागतो, आणि जुन्या नॉर्समध्ये (डॅनिशच्या पूर्वज भाषेत) तशा स्त्रीलिंगी नामांची षष्ठी '-अर' होती. 'स'चा तिथे संबंधच नव्हता. माझ्या मते आज तो शिवणीचा टाका आहे. 'रोद' आणि 'वीन' आधी एकत्र शिवून झाले, आता पुढचं पद जोडतोय, एवढंच तो सांगतो.

लांबलचक डॅनिश शब्दाचा नमुना म्हणून सगळीकडे दाखवला जाणारा, ५१ रोमन अक्षरांचा शब्द घ्या: 'स्पेशाललेगेप्राक्सिसप्लानलेग्निंग्सस्टाबिलिसेरिंग्सपेरिओदे'. अर्थ साधारण 'तज्ज्ञ डॉक्टरांच्या प्रॅक्टिसच्या नियोजनाच्या स्थिरीकरणाचा काळ'. त्यात टाका दोनदाच पडतो, नियोजन आणि स्थिरीकरण या पदांनंतर, आणि दोन्ही पदं '-इंग'ची. मधला तुकडा बघा: '...लेग्निंग्सस्टाबिली...'. दोन 'स' शेजारी आहेत. पहिला टाका, दुसरा पुढच्या पदाचा. ओळ तोडायची ती या दोघांच्या मधोमध, कारण टाका नेहमी आधीच्या पदाबरोबर राहतो.

पण शिवण विसरली गेली असेल तर? डॅनिशमध्ये खिडकीला 'वेन्दू' म्हणतात. जुन्या नॉर्समध्ये 'विन्दाउगा': 'विन्द' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! इंग्रजीतली 'विंडो'ही तिथलीच. आणि आपलं गवाक्ष? गो आणि अक्ष, गाईचा डोळा. (इथे मात्र समासाबरोबर संधीही आहे, खुशाल म्हणा.) भिंतीतल्या भोकात त्यांनाही डोळा दिसला, आपल्यालाही. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा पुस्तक मिटून मी नुसता खिडकीकडे बघत बसलो होतो.

मूळ शिवण होती 'विन्द'च्या पुढे. आज डॅनिश माणसाला त्यात ना वारा दिसतो ना डोळा, म्हणून तो उच्चाराप्रमाणे तोडतो: 'न' वरच्या ओळीत, 'द' खालच्या. वाऱ्याचा 'द' डोळ्याला जाऊन चिकटला.