काच बदलल्यावर दिवा पेटला नाही, तरी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापाशी टिपरमधून उडालेल्या खडीने पुढची काच गेली. एका वर्कशॉपने त्याच दिवशी नवी काच बसवून दिली. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा पेटलेला नाही, म्हणून वर्कशॉपवाला म्हणतो की कॅलिब्रेशनची, म्हणजे काचेवरच्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा सरळ जुळवून घेण्याची, गरज नाही. पण झुआरी पुलावर गाडी लेनच्या मधोमध असतानाही स्टिअरिंग डावीकडे ढकलल्यासारखं होतं. आणि मुलगी रोज हीच गाडी घेऊन म्हापशाहून वेर्ण्याला कामाला जाते.

करून घ्या. आणि होईपर्यंत लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला स्वतः स्टिअरिंग वळवणारी सोय) आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखून वेग सांभाळणारी सोय) वापरू नका. ऑटो ब्रेक गाडीत नाहीच असं धरून चालवायचं. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की लेन असिस्ट आपोआप परत सुरू होतं, त्यामुळे एकदा बंद केलं म्हणजे झालं असं नाही. मुलीला निघताना दर वेळी बघायला सांगा.

मी फोंड्याला गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात अठरा वर्षं आहे. आपल्याकडे 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 आणि अ‍ॅस्टर आल्या, 2023 मध्ये कॅमेरावाल्या हॅरियर, सफारी, सेल्टोस आणि एलेव्हेट आल्या, तेव्हापासून काच बदलण्याचं काम पूर्वीचं राहिलेलं नाही. पूर्वी काच म्हणजे काच होती. आता आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा असतो आणि गाडी त्याच्या डोळ्याने रस्ता बघते. काच बदलली म्हणजे तो डोळा काढून परत लावला.

आता दिव्याबद्दल. तो दिवा मुख्यतः कॅमेरा चालू आहे की नाही हे सांगतो. वायर निघाली, कॅमेरा बिघडला, समोर चिखल आला, तर दिवा पेटतो. पण कॅमेरा धडधाकट असून जरासा वाकडा बघत असेल, तर तो वाकडा आहे हे त्याला स्वतःला कसं कळणार? चालता चालता रस्त्यावरच्या पट्ट्या बघून कॅमेरा स्वतःला थोडंफार सुधारून घेतो, हे खरं आहे. पण ती सुधारणा थोड्याच फरकापुरती असते, आणि कॅलिब्रेशनच्या वेळी नोंदलेल्या मूळ आकड्यापासून मोजली जाते. तुमच्या गाडीत तो मूळ आकडा अजून जुन्या काचेचा आहे.

थोडं म्हणजे किती, ते बघा. कॅमेरा 1 अंश बाजूला वळला तर 20 मीटर पुढे त्याची नजर 35 सेंटिमीटर सरकते, 100 मीटरवर पावणेदोन मीटर. हायवेची लेन 3.5 मीटर रुंद असते आणि तुमची गाडी साधारण 1.8 मीटर. म्हणजे मधोमध चालवली तर दोन्ही बाजूंना 85 सेंटिमीटर उरतात. त्यातले 35 कॅमेऱ्यानेच खाल्ले. कॅमेरा उजवीकडे वळून बसला असेल तर समोरची लेन त्याला डावीकडे सरकलेली दिसते, म्हणून तो स्टिअरिंग डावीकडे ढकलतो. तुम्ही सांगता तेच लक्षण. आणि आपल्या रस्त्यावर डावीकडे स्कूटरवाले असतात.

वर-खाली चूक झाली तर जास्त वाईट. समोरच्या गाडीची चाकं रस्त्याला कुठे टेकतात, ते चित्रात किती खाली दिसतं, यावरून कॅमेरा अंतर काढतो. कॅमेरा जमिनीपासून 1.3 मीटर उंच धरा आणि समोरची गाडी 40 मीटरवर. कॅमेरा त्याच्या समजुतीपेक्षा अर्धा अंश खाली बघत असेल, तर तीच गाडी त्याला जवळजवळ 55 मीटरवर वाटेल. हा नुसता भूमितीचा हिशेब आहे. गाडी इतर खुणाही वापरते, आणि रडार असलेल्या गाड्यांत रडार अंतर वेगळं मोजतो. पण एलेव्हेटसारख्या काही गाड्या पुढचं सगळं एका कॅमेऱ्यावरच बघतात. तिथे हा अर्धा अंश सांभाळून घ्यायला दुसरं कोणी नाही.

अर्धा अंश व्हायला काय लागतं? कॅमेऱ्याची बैठक 10 सेंटिमीटर लांब धरली तर एका टोकाला 1 मिलिमीटरचा फरक पुरतो. डिचोलीहून आलेली एक गाडी मी स्वतः पाहिली आहे. बाहेरची स्वस्त काच, तिला कॅमेऱ्याचं ब्रॅकेटच नव्हतं. बसवणाऱ्याने जुन्या काचेचं ब्रॅकेट उकलून हाताने नव्या काचेवर चिकटवलं होतं. आतलं प्लास्टिकचं कव्हर काढून टॉर्च मारला तर डाव्या बाजूला गोंदाचा थर कागदाएवढा आणि उजव्या बाजूला नखाएवढा जाड. डोळ्यांना दिसत होतं. त्या गाडीलाही दिवा नव्हता. चार महिने ती तशीच फिरली होती. ती काच आम्ही काढलीच, कारण अशा ब्रॅकेटवर कॅलिब्रेशन करायचं म्हणजे भिंत वाकडी ठेवून रंग द्यायचा.

म्हणून तुमचं पहिलं काम स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावणं नव्हे, तर काच नीट आहे का ते बघणं. काचेच्या कोपऱ्यात छापील शिक्के असतात. तिथे आयएसआय चिन्हाबरोबर आयएस 2553 हा सेफ्टी ग्लासचा क्रमांक बघा. मग बिलावरचा पार्ट नंबर तुमच्या व्हेरियंटचा आहे का ते विचारा. एकाच मॉडेलच्या कॅमेरावाल्या आणि बिनकॅमेऱ्याच्या गाडीची काच बाहेरून सारखी दिसते, पण ब्रॅकेट आणि कॅमेऱ्यासमोरची खिडकी वेगळी असते. त्या खिडकीतून थोडं डोकं हलवत बाहेर बघा. दूरचा विजेचा खांब लाटेसारखा हलताना दिसला तर काच बदलूनच घ्या.

कडेचं सीलंटही (काच चौकटीला चिकटवणारा गोंद) बघा. आपल्याकडची खारट हवा विसरू नका. जुनी काच कापून काढताना चौकटीचा रंग खरवडला जातो, आणि त्यावर प्रायमर न लावता सीलंट ओढलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत आतून गंज धरतो. सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत ते चांगलं धरतं. पण चिकटवताना चौकट कोरडी हवी. गाडी कधी हलवायची हे त्या सीलंटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. काहींना तासभर पुरतो, काहींना बरेच तास लागतात. कॅलिब्रेशन त्यानंतरच, कारण काच बसत असेपर्यंत कॅमेराही बसतच असतो.

कॅलिब्रेशन दोन प्रकारचं असतं. तुमच्या गाडीला कुठलं लागतं ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, काही गाड्यांना दोन्ही लागतात. एक वर्कशॉपमध्ये गाडी उभी करून, समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा टार्गेट बोर्ड लावून. दुसरं स्कॅनर जोडून रस्त्यावर चालवून.

बोर्डवालं काम दिसायला सोपं आहे. स्कॅनरवर बटण दाबलं की काही मिनिटांत होतं. खरा वेळ त्याआधी जातो. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या लोगोच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने दोन खुणा करायच्या, दोरी ताणून गाडीची मधली रेघ पुढे न्यायची, आणि बोर्ड त्या रेघेला काटकोनात उभा करायचा. टेप दोघांनी धरायची, दोन्ही बाजूंनी मोजायची. आपल्याकडे वर्कशॉपच्या जमिनीला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलेला असतो. गाडी उतारावर आणि बोर्ड सपाट जागेवर, असं झालं की मीटरला 1 सेंटिमीटर उतार म्हणजे अर्धा अंश तिथेच गेला. दुपारी चारनंतर शटरमधून ऊन बोर्डावर पडलं की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. तुम्ही जिथे जाल तिथे आधी जागा बघा. बोर्ड भिंतीला टेकवून अंदाजाने अंतर मोजणारा कोणी दिसला तर गाडी परत घेऊन या.

गाडी रिकामी हवी, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा हवी, डिझेल-पेट्रोलही मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तितकं. हे लोकांना किरकोळ वाटतं. मागे चवथीच्या आदल्या आठवड्यात एक गाडी आमच्याकडे आली. मालक घाईत होते, संध्याकाळी गावी जायचं होतं. दिक्की उघडली तर नारळ, तांदळाची पोती आणि माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सगळं सामान. उतरवायला सांगितलं तर रागावले, कॅमेरा पुढे आणि सामान मागे, काय संबंध म्हणून. मी टेप घेऊन मागच्या चाकावरची उंची मोजली. सामान उतरवून परत मोजली. अडीच सेंटिमीटरचा फरक. 2.6 मीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) तो अर्ध्या अंशाहून जास्त होतो. गाडीचं नाक वर असताना कॅमेऱ्याला ‘हे सरळ’ असं शिकवलं, आणि सण संपल्यावर गाडी रिकामी झाली, की तो खाली बघायला लागणार आणि पुढची गाडी त्याला लांब वाटणार. वर 40 चे 55 मीटर सांगितले, ते असे होतात. त्यांनी मग स्वतःच पोती उचलायला हात लावला.

रस्त्यावरचं कॅलिब्रेशन गोव्यात पावसाळ्यात करू नका, जमलं तरी भरवसा धरू नका. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ठळक दिसायला हव्यात आणि एका वेगात बराच वेळ चालवायला मिळायला हवं. आतल्या रस्त्यांवर ते होत नाही. काणकोणचा बगलमार्ग किंवा धारगळहून मोप विमानतळाकडे जाणारा रस्ता सकाळी लवकर बरा पडतो. चालवणारा एक आणि स्कॅनर बघणारा दुसरा, अशी दोन माणसं गाडीत पाहिजेतच.

कुठल्याही कॅलिब्रेशनआधी व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा) तपासून घ्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण स्टिअरिंग डावीकडे जाण्याचं दुसरं कारण ते असू शकतं. ओळखायची साधी पद्धत आहे. लेन असिस्ट बंद करून त्याच पुलावर त्याच लेनमध्ये चालवून बघा. ओढ तरीही राहिली तर चाकं बघा. गेली तर कॅमेरा. खोके उभे करून ऑटो ब्रेक तपासायच्या भानगडीत मात्र कोणीही पडू नका, कॅलिब्रेशन झाल्यावरही नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. विम्यात काचेच्या भागांवर घसारा लागत नाही, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसला तरी. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये सक्तीची वजावट तुमच्या खिशातून जाते. क्लेम केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो, आणि तो 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला असेल तर आधी हिशेब करा. कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्यायचा आणि काम सुरू होण्याआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडून मंजूर करून घ्यायचा. तुमचा क्लेम आधीच बंद झाला असेल तर काचेच्या कामाचाच उरलेला भाग म्हणून विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी विचारू नका.

फास्टॅगही नवा घ्यावा लागेल, जुना काचेबरोबर फाटला असणार. तो लावताना आरशामागे पण कॅमेऱ्याच्या खिडकीपासून बाजूला लावा. त्या खिडकीसमोर स्टिकर नको, फिल्म नको. डॅशबोर्डवर चकचकीत मूर्ती असेल तर तिचं प्रतिबिंब काचेत कॅमेऱ्यासमोर पडत नाही ना, एवढं दुपारच्या उन्हात बघून घ्या.

काम झाल्यावर कागद मागा. आधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन, आणि कॅलिब्रेशन यशस्वी झाल्याचा रिपोर्ट, त्यावर तुमच्या गाडीचा चेसिस नंबर, तारीख आणि किलोमीटर. ‘झालंय हो, काळजी करू नका’ हे उत्तर घेऊ नका. काही स्कॅनर कॅमेऱ्याचा कोन किती बदलला तेही छापतात. तसे आकडे मिळाले तर चेसिस नंबर झाकून फोटो इथे टाका. काच बसवताना किती चूक झाली होती ते त्यावरून कळेल, आणि ब्रॅकेट पुन्हा उघडून बघायचं की नाही ते मी सांगू शकेन.