मेलमॅनच्या लिस्टवरचे मेल जीमेलवाल्यांना पोचत नाहीत, त्याबद्दल

तुमचा प्रॉब्लेम मला कळला तो असा: मंडळाची १४० जणांची लिस्ट मेलमॅन २.१ (मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) वर आहे, नव्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) हलवल्यापासून जीमेलवाल्यांना काही मेल येतात काही नाही, वीसेक जणांना मेल जाणं आपोआप बंद झालंय, तुम्हाला स्वतःचीच पोस्ट परत दिसत नाही, आणि आता सरळ जीमेलच्या एसएमटीपीतूनच (मेल पाठवण्याच्या सर्व्हरमधूनच) पाठवू का असं विचारताय.

शेवटचं आधी सांगते, नका. साध्या जीमेल अकाउंटला दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, १४० जणांना चौथी पोस्ट जाता जाताच कोटा संपला. वर फ्रॉममध्ये त्या अकाउंटचाच पत्ता बसतो, म्हणजे लिहिलं कुणीही तरी दिसणार तुम्ही.

स्वतःची पोस्ट न दिसणं हा बिघाडच नाही. लिस्टवरून परत आलेल्या मेलचा मेसेज-आयडी तोच असतो, जीमेल म्हणतं हा तर माझ्याकडे सेंटमध्ये आहेच आणि दुसरी प्रत दाखवत नाही. मेलमॅनमध्ये सभासदाच्या ऑप्शन्समधे पोस्टची पोच देणारी मेल चालू करता येते, ती करा म्हणजे विषय मिटला.

आता खरं दुखणं. जीमेल मेल खरा आहे का हे तीन तपासण्यांनी बघतं. एसपीएफ बघतं पाकिटावरचा पाठवणारा (त्याच्या डोमेनने या सर्व्हरला परवानगी दिलीय का), आणि तो तुमची लिस्टच असते, त्यामुळे एसपीएफ बहुतेक वेळा पास होतं. डीकिम म्हणजे आतल्या पत्रावर मूळ डोमेनने मारलेलं सील, मेलमॅनने विषयाच्या आधी चौकटी कंसात मंडळाचं नाव टाकलं किंवा खाली फुटर चिकटवला की ते सील तुटलं. डीमार्क म्हणतं की दोन्हीपैकी एक तरी पास व्हायला हवं आणि तेही फ्रॉममधल्या डोमेनच्याच नावाने. तुमचं एसपीएफ पास होतं पण तुमच्या नावाने, लिहिणाऱ्याच्या डोमेनच्या नावाने नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचं धोरण रिजेक्ट (नापास मेल घेऊच नका) केलं, पाठोपाठ एओएलने, आणि जगभरच्या लिस्टा एका फटक्यात आडव्या झाल्या. जीमेल.कॉमचं स्वतःचं धोरण नन (नापास झाला तरी काही करू नका) आहे, म्हणून जीमेलवरून लिहिणाऱ्याची पोस्ट जाते आणि कडक (रिजेक्ट लावलेल्या) डोमेनवाल्याची अडकते, काही येतात काही नाही ते यामुळेच.

यात गंमत अशी की लिहिणाऱ्याला काहीच होत नाही, मार बसतो घेणाऱ्यांना. आमच्या लिस्टवर एक काका रोज सकाळी सुप्रभात पाठवायचे, पत्ता अशाच कडक डोमेनचा. मेल नाकारून परत आला (बाउन्स झाला) की घेणाऱ्याच्या नावावर मेलमॅन स्कोअर लावतं, तो दिवसाला जास्तीत जास्त एकाने वाढतो आणि डिफॉल्ट मर्यादा ५, म्हणजे पाच सुप्रभातांत आमचे सगळे जीमेलवाले बंद! मी आठवडाभर पोस्टफिक्सच्या (सर्व्हरवरून मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगमध्ये डोकं खुपसून बसले आणि मेंबरशिप लिस्टमधे नोमेलच्या रकान्यात ओळीने बी बी बी (बाउन्समुळे बंद) पडलंय हे बघितलंच नव्हतं. तुमचे ते वीस जण तिथेच सापडतील, ती खूण काढा की परत चालू. डिफॉल्टला आठवड्याच्या अंतराने तीन वॉर्निंग जातात आणि मगच नाव उडतं, तेव्हा अजून वेळ गेलेली नाही.

पण आधी दुरुस्ती करा नाहीतर पाच दिवसांनी पुन्हा तेच. जनरल ऑप्शन्समधे फ्रॉम_इज_लिस्ट आहे, तिथे मंज फ्रॉम निवडा. मग फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता येतो, नाव लिहिणाऱ्याचं राहतं, आणि त्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये जातो. फक्त कडक डोमेनपुरतं करायचं असेल तर प्रायव्हसीतल्या सेंडर फिल्टर्समधे डीमार्क_मॉडरेशन_अॅक्शन आहे, २.१.१८ पासून, त्याला डीएनएसपायथन ही पायथनची लायब्ररी लागते. बरेच अॅडमिन तेच वापरतात, मला ते पटत नाही, कारण ओपनडीकिम (डीकिमचं सील, म्हणजे सही, मारणारा प्रोग्रॅम) सही करायची की नाही हे फ्रॉम बघून ठरवतं, मग निम्म्या मेलवर तुमची सही आणि निम्म्या कोऱ्या. सगळ्यांना मंज केलं की सगळ्यांवर सही. पत्ता दिसत नाही म्हणून पहिले दोन दिवस लोक कुरकुर करतात, मग विसरतात.

व्हीपीएसचं एक, जिथे हमखास पाय घसरतो: रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, तिलाच पीटीआर म्हणतात. आयपीव्ही४ चं लोक लावतात आणि पोस्टफिक्स गुपचूप आयपीव्ही६ ने पाठवत असतं, त्याला पीटीआर नसतो आणि जीमेल ५५० (नाकारल्याचा कोड) मारून परत पाठवतं. एकतर त्याचाही पीटीआर लावा नाहीतर मेन.सीएफमधे (पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमधे) आयनेट_प्रोटोकॉल्स आयपीव्ही४ करून टाका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पीटीआर आणि टीएलएस (वाटेत मेल एन्क्रिप्ट करणं) छोट्यांनाही सक्तीचं केलंय, एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक तरी हवंच. वन-क्लिक अनसबस्क्राइबची अट दिवसाला ५००० च्या वरच्यांना, त्याच्या नादी आत्ता लागू नका.

झालं की स्वतः पोस्ट टाकू नका, ती तुम्हाला दिसणारच नाही. कडक डोमेनवाल्या कुणाला तरी टाकायला सांगा आणि तुमच्या जीमेलमध्ये तीन टिंबांतून शो ओरिजिनल उघडा, एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हीपुढे पास दिसलं पाहिजे. डीकिम फेल असेल तर सही मेलमॅनच्या आधी होतेय, फुटर चिकटल्यावर नाही, मिल्टर (पोस्टफिक्सला जोडलेला, सही करणारा फिल्टर) कुठे लावलाय ते बघा. तरी अडलं तर बाउन्समधली ५५० ने सुरू होणारी पूर्ण ओळ इथे टाका, नुसतं जात नाही म्हणू नका.